सफारीची शिलाई

नेता गाडीतून उतरतो तेव्हा लोकांची नजर त्याच्या पांढऱ्याशुभ्र शर्टावर जाते. त्याच्या दोन पावलं मागे उभ्या असलेल्या अंगरक्षकाचे कपडे कुणी पाहत नाही. ते तसेच शिवलेले असतात. राखाडी, बदामी किंवा गडद निळी सफारी, कापड टेरीकॉटसारखं जाड आणि अंगाला न चिकटणारं. शर्ट पॅन्टीत खोचायचा नाही, तो सीटच्या खाली चार बोटं उतरलेला असतो. दोन्ही बाजूंना कट, खाली घेर मोकळा, खिशांवर झाकणं. खांद्याला मात्र कपडा बरोबर बसतो, कारण तिथे ढिला पडला तर माणूस बावळट दिसतो आणि हात वर करताना सगळा शर्ट वर ओढला जातो. उजव्या हाताने शर्टाची कड बाजूला सारता आली पाहिजे. कड सारेपर्यंत आत काय आहे ते मात्र कुणाला कळता कामा नये. शस्त्र घेऊन वावरणाऱ्या माणसाने काय घालावं, या प्रश्नाचं आपल्याकडचं रुळलेलं उत्तर म्हणजे ही सफारी.

मराठवाड्यातल्या आपल्या हिंगोलीला वर्दी शिवणं नवं नाही. राज्य राखीव पोलीस दलाचा गट क्रमांक १२ याच शहरात आहे. परभणीतून वेगळा होऊन १ मे १९९९ रोजी हा जिल्हा झाला, तेव्हा जिल्हा पोलीस दलही इथे स्वतंत्र झालं. शिवणकामाची ओळख तर त्याहून कितीतरी जुनी. इथून जवळच असलेलं नर्सी हे नामदेव महाराजांचं गाव मानलं जातं आणि महाराज शिंपी घराण्यातले. अशा जिल्ह्यात कपड्याच्या मापाबद्दल बोलायला संकोच नको. संकोच वाटतो तो शस्त्राबद्दल बोलताना, आणि तोच मला मोडायचा आहे. लायसन्स मिळवण्याबद्दल आपल्याकडे चौकाचौकात चर्चा होते. मिळाल्यावर ते शस्त्र अंगावर कसं वागवायचं, याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही.

आधी वस्तू पाहू. कानपूरच्या सरकारी कारखान्यातलं .३२ रिव्हॉल्व्हर हे आपल्याकडच्या लायसन्सधारकांचं ओळखीचं शस्त्र. वजन सुमारे ७०० ग्रॅम, लांबी साधारण १८ सेंटिमीटर, नळी तीन इंच, सहा गोळ्या. कागदावर हे आकडे किरकोळ वाटतात. पण पाऊण किलोचं लोखंड कमरेच्या एकाच बाजूला दिवसभर लटकवून पाहा. पातळ पट्टा वाकतो, पॅन्ट उजवीकडे खाली सरकते आणि माणूस दर पाच मिनिटांनी कोपराने ती वर ढकलतो. पाहणाऱ्याला तेवढं पुरतं. साध्या वेशातल्या पोलिसाला गर्दीत ओळखायचं असेल तर चेहरा पाहू नका, हात कमरेकडे किती वेळा जातो ते पाहा.

रिव्हॉल्व्हरचा सर्वांत जाड भाग म्हणजे मधलं फिरतं चक्र आणि सर्वांत जास्त उघडी पडणारी बाजू म्हणजे मूठ. चक्र पॅन्टीच्या कमरेत दाबलं जातं, पण मूठ वर राहते आणि शर्टाला टेकते. पातळ लिननचा कडक इस्त्रीचा शर्ट असेल तर मुठीचा कोपरा कापडावर जसाच्या तसा उमटतो. मराठवाड्यात मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर गेला की घामाने कापड पाठीला चिकटतं आणि उरलंसुरलं गुपितही संपतं. त्याच घामाने लोखंडाला गंज चढतो, हे वेगळंच.

आता कायदा. शस्त्र अधिनियम १९५९ चा आणि त्याखालचे चालू नियम २०१६ चे. या नियमांत एक गोष्ट स्पष्ट लिहिली आहे आणि परवाना हातात आल्यावर ती फार थोडे लोक वाचतात. सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर न्यायचं तर ते अंगाला बांधलेल्या होल्स्टरमध्ये किंवा तशा पिशवीत असलं पाहिजे. ते पूर्ण झाकलेलं असलं पाहिजे आणि बाळगणाऱ्याचा त्यावर ताबा असला पाहिजे. लोकांसमोर ते बाहेर काढून मिरवायला सक्त मनाई आहे. म्हणजे शस्त्र झाकणं हा आवडीनिवडीचा भाग नाही, परवान्याबरोबर येणारं ते कर्तव्य आहे. अमेरिकेत झाकून बाळगायचं की उघड, यावर राज्याराज्यांत वेगळे कायदे आहेत. त्यासाठी खास शिवलेल्या जीन्स, बनियन आणि जाकिटांचा तिथे मोठा बाजार आहे. आपल्याकडे नियम एकच आणि सरळ, पण त्यासाठी कपडा शिवून घेण्याची शिस्त नाही.

ती का नाही, याचं कारण मला कडू वाटतं तरी लिहितो. आपल्याकडे अनेकांना शस्त्र झाकायचंच नसतं. पांढरा शर्ट थोडा आखूड शिवायचा, वाकताना तो वर गेला पाहिजे. पंगतीत बसताना जाकीट मागे सारायचं. चहाच्या टपरीवर बोलता बोलता पट्टा नीट करायचा. मूठ क्षणभर दिसली की समोरच्याचा आवाज खाली येतो. मोबाईलवर रिव्हॉल्व्हरसोबतचा फोटो लावायचा, दसऱ्याच्या शस्त्रपूजनाचं निमित्त करायचं. हिंगोलीचा दसरा महोत्सव मराठवाड्यात नावाजलेला. त्या दिवशी तलवारीला हळदकुंकू वाहणाऱ्या घरांबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण पूजेचं शस्त्र देव्हाऱ्यापुढे असतं, ते चौकात फिरत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये हिंगोलीच्या कावड यात्रेत तलवार उंचावल्याबद्दल कळमनुरीचे आमदार संतोष बांगर यांच्यावर गुन्हा नोंदवला गेला. लोकप्रतिनिधीच्या हातातलं उघडं पातं हजारो तरुण पाहतात आणि त्यातून ते काय शिकतात हे सांगायची गरज नाही. त्याच महिन्यात हिंगोलीच्या जिल्हा परिषदेच्या आवारात दिवसाढवळ्या एका राजकीय युवा पदाधिकाऱ्यावर गोळीबार झाला.

मराठवाड्यातल्याच बीडने तर अख्ख्या महाराष्ट्राला हा प्रश्न डोळ्यांसमोर धरायला लावलं. मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची ९ डिसेंबर २०२४ रोजी हत्या झाली. त्यानंतर सामाजिक कार्यकर्त्या अंजली दमानिया यांनी परवान्यांचे आकडे मांडले: बीड जिल्ह्यात १,२२२ आणि परभणीत ३२. परभणी म्हणजे हिंगोलीचा मूळ जिल्हा. जमीन तीच, पिकं तीच, वादही तेच. मग एवढा फरक धोक्याचा कसा असेल? तो मिरवण्याचा फरक आहे, असं माझं मत आहे. परळीत हवेत गोळीबार करणाऱ्याचा व्हिडिओ त्याच सुमारास फिरला आणि अटक झाली. पुढे प्रशासनाने शंभराहून जास्त परवाने रद्द केले. शस्त्र अधिनियमाच्या २०१९ च्या दुरुस्तीने लग्नात, मिरवणुकीत किंवा आनंदाच्या भरात बेदरकारपणे गोळी झाडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेवली आहे. त्याच दुरुस्तीने एका माणसाकडे तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवण्याची मर्यादा घातली.

ज्यांना खरंच जिवाची भीती आहे आणि ज्यांनी रीतसर परवाना घेतला आहे, त्यांच्यासाठी आता कपड्यांबद्दल नेटकं लिहितो.

सुरुवात पट्ट्यापासून करावी, शर्टापासून नाही. दोन पदरी चामड्याचा, दीड इंच रुंदीचा, न वाकणारा पट्टा हवा. वजन पट्टा पेलतो, कपडा फक्त झाकतो. पॅन्टीचे लूप नेहमीपेक्षा रुंद आणि दुहेरी शिलाईचे करून घ्यावेत आणि होल्स्टर बसतं तिथे एक लूप जास्तीचा लावावा. होल्स्टर पॅन्टीच्या आत घालायचं असेल तर कंबर नेहमीच्या मापापेक्षा दीड-दोन इंच मोठी शिवावी. नाहीतर माणूस जेवल्यावर पट्टा सैल करतो आणि शस्त्र हलतं. तयार पॅन्ट घेताना लोक ही चूक हमखास करतात. दुकानात रिकाम्या कमरेने माप घेतात आणि घरी गेल्यावर होल्स्टर घालायला जागा नसते.

शर्ट बाहेर सोडायचा असेल तर खालची कड सरळ असावी, गोल कापलेली नको. गोल कडेचा शर्ट नेमका बाजूला, जिथे होल्स्टर असतं तिथेच आखूड असतो. उंची अशी असावी की दोन्ही हात डोक्याच्या वर नेले तरी पट्टा दिसू नये. रंग गडद किंवा बारीक चौकड्यांचा घ्यावा, कारण चौकड्यांत उठाव हरवतो आणि एकरंगी पांढऱ्यावर सावली पडते. कापड जाडसर सुती असावं, खादीही उत्तम, कारण ती अंगाला चिकटत नाही आणि वाराही खेळू देते. शर्ट एका मापाने मोठा घेऊन काम भागत नाही. खांदे लोंबतात आणि ढगळ शर्ट उलट नजरेत भरतो. खांदा आणि छाती नेहमीच्या मापाची ठेवून फक्त घेर वाढवायला शिंप्याला सांगावं. शिवून घेण्याचा फायदा इथेच आहे, तयार कपड्यात तो मिळत नाही.

कुर्ता-पायजमा घालणाऱ्यांची अडचण वेगळी. वरून कुर्ता गुडघ्यापर्यंत, झाकायला त्याच्यासारखं दुसरं वस्त्र नाही. पण खाली नाडी. नाडीवर पाऊण किलो वजन टिकत नाही, ती सैलावते किंवा पोटात रुतते. शिवाय बाजूच्या कटातून हात घालून एवढा लांब कुर्ता वर करायला वेळ लागतो. कुर्ता घालायचाच असेल तर पायजम्याऐवजी पट्ट्याची पॅन्ट शिवून घ्यावी. बिनबाह्यांचं जाकीट कंबरेपाशी संपतं, म्हणून ते उभ्याने झाकतं आणि बसल्यावर उघडं पाडतं. त्याच्या भरवशावर राहू नये.

मग आपलं बसणं-उठणं. परदेशी सल्ले खुर्ची आणि मोटार डोळ्यांसमोर ठेवून दिलेले असतात. आपण मांडी घालून पंगतीला बसतो, कीर्तनाला सतरंजीवर बसतो, वडीलधाऱ्यांच्या पाया पडायला वाकतो. पोटासमोर लावलेलं शस्त्र मांडी घातल्यावर जांघेत टोचतं. पाठीमागे लावलेलं वाकल्याबरोबर शर्टातून वर येतं. उजव्या कुशीत, नितंबाच्या हाडाच्या थोडं मागे लावलेलं दोन्ही वेळा बऱ्यापैकी जागेवर राहतं. मोटारसायकलवर वाऱ्याने शर्ट फुगतो आणि पाठ उघडी पडते. सेनगाव-औंढ्याकडच्या खडबडीत रस्त्यावर गचके बसतात. म्हणून होल्स्टरला अंगठ्याने उघडता येणारी पट्टी हवीच, आणि गाडीवर जाताना वरून जाडसर जाकीट. होल्स्टरने चाप पूर्ण झाकलेला असला पाहिजे. नुसतं खिशात किंवा कमरेत खोचलेलं शस्त्र कधीच नको. खिशात किल्ली असते, नाणी असतात, कमरेत शर्टाची कड असते. यातलं काहीही चापात अडकू शकतं.

माप द्यायला जाताना शस्त्र शिंप्याच्या दुकानात न्यायचं नाही. रिकामं होल्स्टर न्यावं, त्यात तेवढ्याच आकाराचा लाकडी तुकडा बसवावा आणि तो लावूनच कंबर मोजून घ्यावी. कपडा तयार झाल्यावर तोच तुकडा लावून घरी आरशासमोर बसून, वाकून, हात वर करून पाहावं. घरच्या माणसाला विचारावं, काही दिसतं का? त्याला दिसलं तर जगाला दिसणार.

स्त्रियांचा विचार या बाजारात उशिरा झाला. २०१४ मध्ये कानपूरच्या कारखान्याने ‘निर्भीक’ नावाचं .३२ रिव्हॉल्व्हर आणलं. वजन सुमारे अर्धा किलो, किंमत लाखाच्या वर, आणि ते दागिन्यांसारख्या पेटीत मिळत असे. पण साडीत ते ठेवायचं कुठे, याचं उत्तर पेटीत नव्हतं. परकराची नाडी वजन पेलत नाही, ब्लाउजला जागा नसते. राहते पर्स. नियमात पिशवीला परवानगी आहे, तरीही पर्स मला सर्वांत धोक्याची वाटते. पर्स खुर्चीवर ठेवली जाते, लग्नघरात कुणाच्या तरी हाती दिली जाते, लेकरू तिच्यात चॉकलेट शोधतं. अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात डिसेंबर २०१४ मध्ये एका आईच्या पर्समधून दोन वर्षांच्या मुलाने पिस्तूल काढलं आणि दुकानातच आईचा जीव गेला. ती पर्स शस्त्र बाळगण्यासाठीच खास बनवलेली होती. सलवार-कमीज किंवा कुर्ता-जीन्स घालणाऱ्या स्त्रीने पट्टा आणि होल्स्टर यांचाच मार्ग धरावा. साडीच नेसायची असेल त्या दिवशी शस्त्र कुलपात ठेवणं हाच शहाणपणा.

अंगावर नसलेलं शस्त्र कुठे असतं, हा प्रश्न कपड्यांइतकाच मोठा आहे. १ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे अभिनेता गोविंदा प्रवासाला निघण्याच्या तयारीत होता. परवान्याचं रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवताना हातातून निसटलं आणि गोळी त्याच्याच पायात शिरली. फेब्रुवारी २०२४ मध्ये दहिसरला माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. ते पिस्तूल मारेकऱ्याच्या अंगरक्षकाच्या नावावरचं होतं. डिसेंबर २०२४ मध्ये हिंगोली शहरातच एका पोलीस कर्मचाऱ्याने आपल्याच कुटुंबावर गोळ्या झाडल्या. पत्नी गेली, घरातली आणखी माणसं जखमी झाली. प्रशिक्षण घेतलेल्या हातातून हे घडतं, तर घरी आणलेलं शस्त्र शर्टासोबत खुंटीला टांगून ठेवणाऱ्यांनी काय समजावं? कपडे काढताना शस्त्र आधी काढायचं, रिकामं करायचं, कुलपात ठेवायचं. गोळ्या वेगळ्या कुलपात. हा क्रम रोजचा.

झाकलेल्या शस्त्राचं मोल महाराष्ट्राला कुणी शिकवायला नको. १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाच्या पायथ्याशी अफजलखानाच्या भेटीत जे घडलं त्यात कपड्यांचा वाटा फार मोठा होता. राजाराम महाराजांच्या काळात जिंजीला लिहिलेल्या सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराजांनी त्या दिवशी अंगात काय घातलं, डोईला काय बांधलं, हातात काय चढवलं याचा तपशील येतो. दिसायला भेटीचा पेहराव, आत चिलखत, हाती बिचवा आणि वाघनख. वार झाला तो आधी समोरून, आणि तो चिलखतावर बसला. झाकलेलं शस्त्र त्यानंतर बाहेर आलं. जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून आलेली वाघनखं साताऱ्यात मांडली, तेव्हा ती महाराजांचीच का यावर वाद झाला. पण महाराजांनी आपलं वाघनख भेटीआधी समोरच्याला दाखवलं नव्हतं, याबद्दल वाद नाही. महाराजांचं नाव घेऊन आज कमरेची मूठ मिरवणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात घ्यावं.

गरज कुणाला आहे? वसमत आणि हिंगोलीच्या हळद बाजारात हंगामात मोठी उलाढाल होते. हिंगोलीच्या संत नामदेव हळद मार्केट यार्डात दूरदूरच्या जिल्ह्यांतून माल येतो. रोख घेऊन रात्री गावी परतणारा व्यापारी घाबरतो, ही भीती खोटी नाही. त्याने जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज करावा, पोलीस चौकशीला सामोरं जावं, प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र घ्यावं. पण त्याआधी पैसे बँकेतून वळते करता येतात का, एकट्याने रात्री जाणं टाळता येतं का, हेही पाहावं. निवडणुकीत, सणासुदीत पोलीस शस्त्र जमा करायला सांगतात, महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली शस्त्रबंदी लागते, तेव्हा ते विनातक्रार जमा करावं. औंढा नागनाथाच्या दर्शनाला, कोर्टात, दवाखान्यात, शाळेत, लग्नात ते नेऊच नये. दारू घेतलेल्या अंगावर तर शस्त्र असूच नये, मग कपडा कितीही चांगला असो.

दिवाळीत नवे कपडे शिवायला टाकाल. घरात परवान्याचं शस्त्र असेल तर यंदा शिंप्याला एक शर्ट चार बोटं लांब आणि घेराला मोकळा शिवायला सांगा, एक पॅन्ट दोन इंच मोठी आणि एक पट्टा दुहेरी चामड्याचा घ्या. आणि शर्ट आखूड शिवायचा म्हणून ज्यांनी लायसन्सचा अर्ज भरून ठेवला असेल, त्यांनी तो अर्ज मागे घ्यावा.